एचआयव्ही रुग्णाचे जुलाब थांबत नाहीत? एआरटी बंद करू नका, शौचाची तपासणी करा

गावात कुणाला जुलाब लागले की आधी मेडिकलमधून गोळी येते, नाही थांबले तर सलाईन लागते. धडधाकट माणूस चार दिवसांत कामाला लागतो. पण एचआयव्ही असलेल्या माणसाचे जुलाब दोन आठवडे उलटूनही थांबत नसतील, वजन उतरत असेल, तर आतड्यात परजीवी असण्याची शक्यता असते.

शरीराची राखण करणाऱ्या सीडी-४ पेशींवर एचआयव्ही हल्ला करतो. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की धोका वाढतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा डोळ्याला न दिसणारा परजीवी निरोगी माणसात बहुतेक वेळा आपोआप जातो. प्रतिकारशक्ती कमी असेल तर तोच महिनोन् महिने ठाण मांडतो.

जंताची गोळी पुरेशी नाही

शाळेत, अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी गोल जंत, हुकवर्म यांवर चालते. क्रिप्टोस्पोरिडियमवर ती चालत नाही. आयसोस्पोरा नावाच्या दुसऱ्या परजीवीवर कोट्रायमोक्साझोल चालते. सीडी-४ कमी असलेल्यांना एआरटी केंद्रात हीच गोळी देतात, ती चुकवू नये.

क्रिप्टोस्पोरिडियमवर मुख्य उपाय एआरटीच. प्रतिकारशक्ती वाढली की जुलाब आटोक्यात येतात. तोवर मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस सुरू ठेवावं. ‘गोळ्या उष्ण पडल्या’ म्हणून बरेच जण एआरटीच बंद करतात, तिथंच घात होतो. काही औषधांनी सुरुवातीला पोट बिघडतं हे खरं, पण औषध बदलायचं की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या.

तपासणीला जाताना

साध्या तपासणीत हा परजीवी सुटू शकतो. त्यासाठी नमुना वेगळ्या पद्धतीने रंगवून पाहावा लागतो. म्हणून डॉक्टरांना एचआयव्ही असल्याचं सांगणं गरजेचं आहे. एका नमुन्यात काही दिसलं नाही तर डॉक्टर पुन्हा नमुने मागतात, तेही द्यावेत. लोकांना कळेल ही भीती अनेकांना असते. पण २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय दवाखान्याला ही गोष्ट गावात सांगता येत नाही.

घरी काय पाळावं?

- टीसीएल पावडरने पटकीचे जंतू मरतात, क्रिप्टोस्पोरिडियम मरत नाही. रुग्णासाठी पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळा, झाकून गार करा.
- हगवण लागलेल्या वासरापासूनही हा परजीवी येतो. रुग्णाने अशा वासराचं शेण काढू नये. गोठ्यातून आल्यावर साबणाने हात धुवावेत.
- शेतात अनवाणी जाऊ नये. हुकवर्म पायाच्या कातडीतून शिरतो आणि रक्त कमी करतो.
- भाजी, फळं चांगल्या पाण्याने धुवा. घरातल्या सगळ्यांनी संडासनंतर आणि जेवणाआधी हात धुवावेत.

एका ताटात जेवल्याने किंवा एकच संडास वापरल्याने एचआयव्ही पसरत नाही. रुग्णाला वेगळं टाकायची गरज नाही, गरज आहे ती स्वच्छ हात आणि उकळलेल्या पाण्याची.

शौचात रक्त, ताप, डोळे खोल जाणं, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एआरटी केंद्रातला उपचार मोफत आहे. माहितीसाठी १०९७ हा टोल फ्री क्रमांक आहे.