कासोटा, जामा आणि पगडी : जुना मराठी पोशाख नव्याने उभा राहताना

जुन्या काळचा पोशाख पुन्हा घडवायचा म्हटले की पहिली अडचण येते ती कापडाचीच. किल्ल्यांचे बुरूज उभे आहेत, नाणी सापडतात, मोडी कागदांचे रुमाल दप्तरखान्यांत बांधून ठेवलेले आहेत. पण सतराव्या-अठराव्या शतकातले, मराठी घरात रोज नेसले गेलेले लुगडे आज हाती लागणे फार दुर्मीळ. सुती कापड विरले की त्याची गोधडी होई, आणि गोधडी विरली की पोतेरे. जरीचे वस्त्र जपले जाई, पण तेही जीर्ण झाले की जुनी जर विकत घेणाऱ्याकडे जाई आणि चांदी काढून घेण्यासाठी जाळले जाई. कितीतरी पैठण्यांचा शेवट असा मुशीत झाला. त्यामुळे ‘ऐतिहासिक मराठी पोशाख’ म्हणताच आज जे डोळ्यांसमोर येते, ते मूळ वस्त्रावरून क्वचितच आलेले असते. ते चित्रातून रंगभूमीवर आले, रंगभूमीवरून पडद्यावर आणि पडद्यावरून शिंप्याच्या दुकानात. या प्रवासात प्रत्येकाने आधीच्याचे पाहून घेतले आणि पदरची थोडी भर घातली.

मूळ साधने थोडी आहेत, पण बोलकी आहेत. पहिले साधन भाषा. डोक्यापासून पायापर्यंतचा संपूर्ण मानाचा पोशाख तो ‘शिरपाव’. पेशवेपद मिळणे म्हणजे ‘वस्त्रे’ मिळणे. पहिल्या बाजीरावाला ती १७ एप्रिल १७२० रोजी कऱ्हाडजवळच्या मसूर येथे मिळाली. पोशाख ही तेव्हा हौसेची बाब नव्हती, तो अधिकाराचा दाखला होता. म्हणून तो पुन्हा घडवताना कोणी काय घालायचे याला मोकळीक कमी असते, हे दिग्दर्शक पुष्कळदा विसरतात.

दुसरे साधन चित्रे. शिवाजी महाराजांची दख्खनी चित्रकारांनी काढलेली आणि डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात पोहोचलेली लघुचित्रे ॲमस्टरडॅम आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. त्यांत जामा, कमरेला पटका आणि तुरा लावलेले शिरोभूषण स्पष्ट दिसते. एके काळी इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच ग्रंथातले अस्सल चित्र उजेडात आणले, तेव्हा चेहऱ्याबरोबर पोशाखाचाही प्रश्न मार्गी लागला. अशा चित्रांत बारीकसारीक खुणा महत्त्वाच्या असतात. जाम्याचे बंद डाव्या काखेखाली बांधलेले असले तर घालणारा हिंदू आणि उजवीकडे असले तर मुसलमान, हा त्या काळचा सर्वसाधारण संकेत. आजच्या नाटक-सिनेमांत हे बंद कुठेही बांधलेले दिसतात.

पेशवाईच्या अखेरच्या काळासाठी स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्याइतका चांगला साक्षीदार नाही. त्याने १७९२ मध्ये सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे चित्र रंगवले. त्याच्याच सहवासात गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराचा हात तयार झाला. वेल्सच्या चित्रात भडक रंगांचा भरणा नाही. पांढरे तलम कापड आणि त्यावर मोती-पाचूंचे दागिने आहेत. ऐश्वर्य दाखवण्याची पुण्याची रीत ही अशी होती. पुढच्या काळातल्या लालभडक, भरजरी पेशवाईशी ती ताडून पाहिली की नंतर केवढी भर पडत गेली ते कळते.

ही भर घालणाऱ्यांत सर्वांत प्रभावी नाव राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचे. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना बडोद्यासाठी चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले, तेव्हा त्यांच्यासमोर अवघड प्रश्न होता : दमयंती, शकुंतला, सीता यांना नेसवायचे काय? अजिंठ्याच्या भिंतींवर किंवा वेरूळच्या शिल्पांत अंतरीय आणि उत्तरीय दिसते, शिवलेली चोळी क्वचितच. रविवर्मा भावाबरोबर उत्तर हिंदुस्थानात फिरले, ठिकठिकाणचे पोशाख पाहिले आणि शेवटी बहुतेक नायिकांना साडी दिली. तिच्यावर मराठी नेसण्याची आणि काठपदराची छाप उघड आहे. १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वतीची शिळाछापाची चित्रे घरोघर पोहोचली. काही घरांत या चित्रांवर खरी जर आणि टिकल्या चिकटवून देवीला अक्षरशः वस्त्र नेसवले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा एक प्रांतिक वेश अशा रीतीने पुराणकाळाचा वेश होऊन बसला. रविवर्म्यांचे चित्रकौशल्य वादातीत आहे, पण हे पुरातन वेशाचे पुनर्निर्माण नव्हते. चालू काळातल्या वस्त्राला दिलेले ते पुरातनत्व होते.

त्यांच्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) आले. धुरंधरांची नजर निरीक्षकाची. ऑटो रॉथफील्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या १९२० च्या ग्रंथासाठी त्यांनी काढलेल्या चित्रांत कोळीण, ब्राह्मण स्त्री, मराठा स्त्री यांच्या नेसण्यातले फरक नेमके टिपलेले आहेत. शिवराज्याभिषेकाच्या त्यांच्या चित्राने पुढच्या पिढ्यांच्या मनातला दरबार ठरवून टाकला. दिवाळी अंकांच्या वाचकांच्या मनात याच परंपरेतले आणखी एक नाव घर करून आहे, दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांचे. त्यांच्या ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांवरची नऊवारीतली स्त्री ऐतिहासिक नव्हती, पण साडीचा रंग, पदराची ओळ आणि अंबाड्यावरचे फूल यांबाबत तिने अनेक घरांची रुची घडवली.

रंगभूमीवर हेच काम बालगंधर्वांनी केले. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) रुक्मिणी होऊन ‘स्वयंवर’मध्ये उभे राहत, ते अस्सल शालू-पैठण्या नेसून आणि खरे वाटावेत असे दागिने घालून. १९२० च्या ‘द्रौपदी’च्या डोळे दिपवणाऱ्या थाटावर त्यांच्या नाटक कंपनीने पाण्यासारखा पैसा ओतला आणि ती कर्जात बुडत गेली. त्यांचे नेसणे, केसांत फुले माळणे, पदर सावरणे यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया करत. नाटकातली रुक्मिणी पुराणातली, साडी त्या काळातली आणि नेसणारा पुरुष, असा तो विलक्षण मेळ होता. २०११ मध्ये ‘बालगंधर्व’ हा चित्रपट आला. त्यातल्या पोशाखांसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका पुनर्रचनेची ती पुढची पुनर्रचना होती.

कोल्हापूर ही या कलेची खरी कार्यशाळा. बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या ‘सिंहगड’ (१९२३) पासून भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) पर्यंतच्या चित्रपटांनी मावळा कसा दिसतो हे मराठी प्रेक्षकाला शिकवले. याच शहरात, याच वातावरणात १९२९ मध्ये भानुमती राजोपाध्ये जन्मल्या. भानू अथय्या म्हणून त्या पुढे प्रसिद्ध झाल्या. वडील चित्रकार; स्वतः जे. जे. च्या विद्यार्थिनी. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर त्यांची चित्रे प्रदर्शनात लागली होती. त्यानंतर स्त्रियांच्या इंग्रजी साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटने काढता काढता त्या वेशभूषेकडे वळल्या.

त्यांच्या कामात दोन टोके ठळक आहेत. ‘आम्रपाली’साठी (१९६६) त्या अजिंठ्याला गेल्या. रविवर्म्यांनी जो प्रश्न साडी देऊन सोडवला, तो त्यांनी भिंतीवरच्या रंगांकडे पुन्हा जाऊन सोडवला. वैजयंतीमालाला साडी नाही, तर कमरेला गुंडाळलेले वस्त्र, उघडे खांदे आणि ठळक दागिने मिळाले. हिंदी पडद्यावर प्राचीन भारत दाखवताना तोच नमुना पुढे वर्षानुवर्षे गिरवला गेला. त्याच अथय्यांनी ‘ब्रह्मचारी’साठी (१९६८) मुमताजला दिलेली केशरी, अंगासरशी साडी तरुणींमध्ये फॅशन ठरली. नेसण्याची जाण असली की जुने आणि नवे दोन्ही त्याच हातांनी घडते, हे यातून दिसते.

दुसरे टोक ‘गांधी’ (१९८२). १८९३ च्या दक्षिण आफ्रिकेपासून १९४८ च्या दिल्लीपर्यंतचा काळ, इंग्रजी सुटापासून काठियावाडी फेट्यापर्यंत आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला स्वीकारलेल्या पंच्यापर्यंतचा प्रवास, शिवाय शेकडो दुय्यम पात्रे. इथे चकचकाटाचा उपयोग नव्हता. खादीचा पोत, धोतराची घडी, कापड किती वेळा धुतलेले आहे याचाच प्रेक्षकाच्या विश्वासाशी संबंध होता. जॉन मोलो यांच्याबरोबर १९८३ मध्ये मिळालेले ऑस्कर हे भारतीय व्यक्तीला मिळालेले पहिले ऑस्कर. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या गेल्या.

अभ्यासकांनी घातलेला पायाही विसरता येत नाही. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचे भारतीय पोशाखावरचे पुस्तक १९५१ मध्ये निघाले. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे डॉ. मोतीचंद्र यांनी प्राचीन वेशभूषेवर हिंदीत ग्रंथ लिहिला. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर वस्तू गोळा केल्या. त्यांच्या संग्रहालयात मस्तानी महालही पुन्हा उभारलेला आहे. वेशभूषाकाराने तिथे एक दिवस घालवला, तर कितीतरी चुका जागीच टळतात.

अलीकडच्या ऐतिहासिक चित्रपटांत अभ्यास आणि झगमगाट यांची ओढाताण स्पष्ट दिसते. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) मधले अंगरखे, घेर आणि रंगसंगती यांनी लग्नाच्या बाजारावर थेट परिणाम केला; त्याच चित्रपटातल्या ‘पिंगा’ नृत्याला आणि त्यातल्या नऊवारी नेसण्याच्या पद्धतीला पुण्यात तीव्र आक्षेप घेतला गेला. आक्षेप रास्त होता. बाजीरावाच्या पत्नी काशीबाईंच्या घरातले नेसणे आणि तमाशाच्या फडावरचे नेसणे यांत जो फरक आहे, तोच तर पोशाखाचा इतिहास. ‘तान्हाजी’च्या (२०२०) पोशाखांसाठी नचिकेत बर्वे आणि महेश शेर्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी मालिकांचाही वाटा आहे : रमाबाई रानड्यांवरील ‘उंच माझा झोका’ (२०१२) पाहताना घरोघरी आजीच्या पेटीतले दागिने पुन्हा बाहेर आले.

आता नऊवारीकडे जरा जवळून पाहायला हवे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड, आणि त्याला एकही टाका नाही. आधी कमरेशी घट्ट गाठ मारायची. मग निऱ्या घालायच्या, त्यांचा काठ दोन पायांमधून मागे नेऊन कमरेत खोचायचा, हा कासोटा. पुढे खोचलेल्या निऱ्यांचा फुगीर भाग तो ओचा. ओच्यात सुपारी, चार पैसे, शेतातून परतताना तोडलेली भाजी, सगळे मावते. कष्टकरी बाई कासोटा वर ओढून गुडघ्यापर्यंत नेसते, देवळात जाणारी ब्राह्मण स्त्री घोट्यापर्यंत सोडते. आत परकर नसतो. साडी अंगाशी बसते ती गाठीच्या आणि खोचण्याच्या जोरावर. म्हणून त्याच कापडात भातलावणी होते, घोड्यावर बसता येते आणि लावणीही नाचता येते.

शिवलेल्या नऊवारीत हा सगळा उपद्व्याप शिंप्याच्या मशीनवर एकदाच होतो. निऱ्या शिवलेल्या, कासोटा शिवलेला, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक. सलवारीसारखी पाच मिनिटांत चढते. दुकानात ती ‘ब्राह्मणी’, ‘पेशवाई’, ‘मस्तानी’, ‘लावणी’ अशा नावांनी मागितली जाते. १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झालेल्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा गावोगाव पसरली, आणि फेटा बांधून, नऊवारीत मोटारसायकल चालवणाऱ्या मुलींमुळे या साडीची मागणी वाढत गेली. पंचवीस वर्षांच्या मुलीला आजीचा वेश परका न वाटणे ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र शिवलेल्या साडीतून ओचा हरवतो आणि त्याबरोबर अंगाप्रमाणे, कामाप्रमाणे वस्त्र बदलण्याची मुभाही. नेसायला शिकवणाऱ्या आज्या-मावश्या आहेत तोवर मुलींनी ते हात धरून शिकून घ्यावे. चित्रावरून ते येत नाही.

पुरुषांच्या पगडीचेही असेच. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता ती सत्काराच्या व्यासपीठावर अधिक दिसते. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाने मात्र धोतर, उपरणे आणि पगडी घातलेल्या पुरुषांची रांगच पडदा म्हणून उभी केली. सगळ्यांचा एकसारखा वेश तिथे सत्तेचा चेहरा झाला, आणि ऐतिहासिक पोशाखाचा आधुनिक मराठी कलेत यापेक्षा धारदार उपयोग झालेला नाही.

शेवटी सगळे कापडाशीच येऊन थांबते. येवल्याच्या हातमागावर पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर असतो आणि नक्षीच्या कडेला एक रंग दुसऱ्यात अडकवला जातो. म्हणून मोर, मुनिया, आसावली हे नमुने उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. हे काम महिनोन् महिने चालते. यंत्रमागावरच्या ‘सेमी पैठणी’त मागे सुटे धागे लोंबतात आणि जर बहुधा ‘टेस्टेड’, म्हणजे अस्सल नसलेली, असते. पडद्यावर दोन्ही सारख्याच चमकतात. पण खऱ्या पैठणीला वजन असते, तिचा पदर खांद्यावरून वेगळा पडतो, आणि नटीची चालही त्यामुळे बदलते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचे नशीब याहून वेगळे निघाले. चोळीपुरते असलेले हे कापड आता साड्या, झगे आणि पिशव्यांत वापरले जाते आणि त्याचे माग त्यामुळे चालू राहिले.

गोव्यात फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी कुणबी साडीच्या बाबतीत जे केले, ते या सगळ्याहून मुळाशी जाणारे होते. लाल-पांढऱ्या चौकड्यांची, गुडघ्यापर्यंत नेसायची, खांद्यावर गाठ मारायची ही कष्टकरी बायकांची आखूड साडी. तिचे विणकाम गोव्यात जवळजवळ थांबले होते. रॉड्रिक्स यांनी जुने नमुने शोधले, ती पुन्हा विणून घेतली आणि फॅशनच्या मंचावर आणली. गोव्याच्या पोशाखाच्या इतिहासावर २०१२ मध्ये ‘मोडा गोवा’ हे पुस्तक लिहिले. शोधाची दिशा इथे उलटी होती : त्यांनी आधी सूत आणि रंग शोधले, मग माग, मग नेसणे, आणि मंच सर्वांत शेवटी.