अर्बुदसदृश मल्टिपल स्क्लेरोसिस : निदानातील पेच

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवरील मायलिन आवरणावरच हल्ला करते. मेंदूत सामान्यतः लहान, विखुरलेले चट्टे आढळतात. मात्र क्वचित एखादा चट्टा २ सेंटिमीटरहून मोठा होतो, भोवती सूज येते व एमआरआयमध्ये तो थेट अर्बुदासारखा दिसतो.

पणदरे परिसरातील रुग्ण अशी फिल्म घेऊन पुण्यास जातो, तेव्हा डॉक्टरांना कर्करोगाबरोबरच क्षयाच्या गाठीचाही विचार करावा लागतो. पाश्चात्त्य ग्रंथांत ही शक्यता बरीच मागे असते. कॉन्ट्रास्टनंतर उजळणारे कडे अपूर्ण असून त्याचा उघडा भाग करड्या द्रव्याकडे असल्यास मायलिन-ऱ्हासाची शक्यता वाढते. मेरुद्रवातील ऑलिगोक्लोनल पट्टेही सूचक होत. स्टिरॉइडने चट्टा आकसला एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढता येत नाही, कारण मेंदूतील लिम्फोमाही तसाच आकसतो व त्यानंतरची बायोप्सी फसवी ठरू शकते.

बायोप्सीतही फुगलेल्या तारकापेशी अर्बुदाचा भास निर्माण करतात. म्हणून तुकडा तपासणाऱ्या तज्ज्ञास मायलिन-ऱ्हासाची शंका आधीच कळविणे अगत्याचे आहे. अन्यथा रुग्णास अनावश्यक किरणोपचार दिले जातात आणि त्यांनी मायलिनची हानी उलट वाढू शकते.