जाळीला टाका की ग्लू?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल असो की साताऱ्याकडच्या फडातला ऊसतोड कामगार, जांघेतला फुगवटा तो अंगावरच काढतो. हा हर्निया. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर येते. डॉक्टर तिथे पॉलिप्रॉपिलिनची जाळी बसवतात. जाळी हलू नये म्हणून टाके घालतात. टाक्यात बारीक नस सापडली, तर महिनोन्महिने ठणका राहतो.

त्यावर उपाय सर्जिकल ग्लू. फायब्रिन ग्लूमध्ये रक्त गोठवणारी दोन प्रथिने असतात, फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन. जोडसिरिंजमधून ती एकत्र आली की जाळी चिकटते. पुढे ग्लू विरघळतो, तोवर पेशी जाळीत रुजलेल्या असतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टिमेली’ चाचणीत ३१९ रुग्ण होते. वर्षभरानंतर त्रासदायक गुंतागुंत टाक्यांच्या गटात १४.८ टक्के, ग्लूच्या गटात ८.१ टक्के.

अडचण किमतीची. दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून जाळी गरिबाच्या आवाक्यात आणली. ग्लूचेही तसे व्हायला हवे.

फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठा.