पंप आला, पण विहिरीत डोकावते कोण?



घरच्या विहिरीवर विजेचा पंप बसला की घरातल्या बायकांच्या हातावरचे घट्टे जातात. ही सोय लहान नाही. रहाटाने रोज चाळीस-पन्नास कळशा ओढलेल्या आजीबाईला विचारा, ती सांगेल. तेव्हा पंपाला नावे ठेवण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पण पंप आला आणि त्याच्याबरोबर घरातली एक चांगली सवय गेली. पोहरा सोडायचा म्हणजे विहिरीत डोकवावेच लागे. पाणी किती खाली गेले, त्याचा रंग बदलला का, उंदीर-बेडूक मरून तरंगतो आहे का, बांधकामाचा दगड निसटला का, हे दिवसातून दोनदा कोणाच्या तरी नजरेस पडे. आता खटका दाबला की टाकी भरते. सहा-सहा महिने कोणी विहिरीकडे फिरकत नाही. पाणी मात्र आपण तिचेच पितो.

दहिसरच्या विहिरींचा धडा

मुंबईच्या उत्तर टोकाला, पश्चिम रेल्वेवर दहिसर आहे. आज तिथे इमारतींची दाटी आहे. पण १९५७ मध्ये बृहन्मुंबईत सामील होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातले, भातशेतीचे आणि वाड्यांचे गाव होते. तुळशी तलावाच्या डोंगराकडून निघालेली दहिसर नदी गावातून वाहत जाऊन मनोरीच्या खाडीला मिळते. एका बाजूला डोंगराचे गोडे पाणी, दुसऱ्या बाजूला खाडीचे खारे पाणी आणि मधल्या जमिनीत विहिरी, अशी ही रचना.

पुढे वस्ती वाढली. नदीत सांडपाणी आणि तबेल्यांचे शेण येऊ लागले. पालिकेचे नळ आले आणि विहिरींचे पाणी पिण्यातून गेले. जिथे विहिरी उरल्या, तिथे ते धुण्याला, झाडांना आणि संडासाला वापरले जाते. विहीर तीच, जागा तीच. पण विहिरीला स्वतःचे असे पाणी नसते. भोवतालच्या जमिनीत जे मुरते, तेच तिच्यात पाझरते.

दहिसरला नळाचा आधार मिळाला. आपल्यापैकी अनेकांना तो नाही, किंवा आठवड्यातून दोन दिवस आहे. गावोगावी घरोघर संडास झाले, हे फार चांगले झाले. पण त्यांचे शोषखड्डे विहिरीपासून किती अंतरावर आहेत, हे कितीजणांनी मोजले? शोषखड्डा, उकिरडा, गोठ्याचे मूत्र साचण्याची जागा, यांपैकी काहीही पिण्याच्या विहिरीच्या ५० फुटांच्या आत नसावे. आपला काळा पाषाण भेगांचा असतो. भेगेतून घाण पाणी मातीतल्यासारखे गाळून निघत नाही, म्हणून तिथे अंतर जितके जास्त तितके बरे. कठडा जमिनीपासून दोन ते तीन फूट वर, भोवती निदान तीन फूट रुंदीचा पक्का ओटा आणि सांडलेले पाणी दूर नेणारी नाली, एवढे प्रत्येक घरच्या विहिरीला हवेच.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दहिसर नदीही पात्र सोडून वाहिली. असा पूर कुठल्याही गावात येऊ शकतो. पुराचे पाणी विहिरीत शिरले असेल, तर ती पूर्ण उपसून आणि औषध टाकूनच तिचे पाणी प्यावे.

उपसा किती करावा?

दहिसरच्या उत्तरेला खाडी ओलांडली की वसई. तेथील बागायत विहिरींवर पोसली गेली. पुढे पंपांनी उपसा वाढला, टँकर भरून पाणी बाहेर जाऊ लागले आणि विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने मोठे आंदोलन केले. खाडीकाठी गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. साधारण हिशेब असा की, समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी टिकते. वरचे फूटभर उपसून टाकले की खालचे खारे पाणी वर सरकू लागते. रहाटाने हे सहसा होत नसे, पंपाने होते.

खाडीपासून दूर राहणाऱ्यांनीही आपल्या विहिरीची ताकद ओळखावी. मार्च-एप्रिलमध्ये तासभर पंप चालवा. पाणी किती फूट उतरले ते दोरीने मोजा आणि पूर्वीच्या पातळीवर यायला किती तास लागले ते वहीत लिहा. जितके भरून येते तितकेच रोज घ्या. दरवर्षीचा आकडा शेजारी मांडला की विहीर खालावते आहे का, ते आपोआप कळते.

औषध टाकण्याची रीत

टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर अंदाजे मुठीने टाकू नये. १,००० लिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. १० फूट व्यासाच्या विहिरीत १० फूट पाणी असेल, तर ते सुमारे २२,००० लिटर भरते. त्याला ५५ ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, निवळ वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे आणि ती बादली दोरीने पाण्यात सोडून वरखाली हलवावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. त्यानंतर निदान तासभर पाणी घेऊ नये. रात्री टाकणे सोयीचे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी करून घ्यावी. पाणी पिवळसर झाले तर औषध उतरले असे समजावे. पावडरीचा डबा उघडा राहिला तर तिचा जोर जातो.

डासांचे घर

१९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला, तेव्हा शहरातल्या विहिरींवरच ठपका आला. ॲनॉफिलिस स्टीफेन्सी नावाचा डास विहिरींत आणि टाक्यांत वाढतो. पालिकेने विहिरी झाकायला किंवा बुजवायला लावल्या. पारशी मंडळींना धर्मकार्यासाठी विहीर हवी असल्याने त्यांनी हरकत घेतली आणि काही विहिरींना बारीक जाळीचे झाकण बसवून मार्ग काढला गेला. आपणही तेच करावे. विहिरीला जाळी, विहिरीत गप्पी मासे आणि गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करावी. पाण्याच्या पृष्ठभागाला आडव्या टेकलेल्या अळ्या दिसल्या, तर त्या हिवतापाच्या डासाच्या समजाव्यात. मुलांना हे दाखवून ठेवा, त्यांची नजर तीक्ष्ण असते.

पंप आणि वीज

वर बसवलेला पंप व्यवहारात २० ते २२ फुटांपलीकडचे पाणी ओढू शकत नाही. उन्हाळ्यात पंप हवा धरतो, तो बहुधा याच कारणाने, नाहीतर फूटव्हॉल्व्ह (ज्याला आपण फुटबॉल म्हणतो) गळत असल्याने. पंपात भरायचे पाणी स्वच्छ घ्यावे. डबक्यातले पाणी ओतले तर तेच पिण्याच्या टाकीत जाते.

सर्वांत मोठा धोका विजेचा. ओले हात, अनवाणी पाय आणि लोखंडी पंप! पंपाला चांगले अर्थिंग हवे आणि ३० मिलीअँपिअरवर वीज तोडणारा सुरक्षा स्विच हवा. त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. जोड दिलेली वायर ओट्यावरून नेऊ नये. पंपाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.

विहिरीत उतरताना

९ एप्रिल २०२४ रोजी नेवासे तालुक्यातील वाकडी गावात, शेणाच्या राड्याने भरलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एकजण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाचजण दगावले. बंद विहिरीत विषारी वायू साचतो आणि तो दिसत नाही. आधी कंदील सोडून पाहावा. विझला तर उतरू नये. मात्र नाही विझला म्हणून विहीर निर्धोक आहे असे समजू नये, कारण इंजिनाच्या धुराचा विषारी वायू कंदिलाला कळत नाही. म्हणून डिझेल इंजिन कधीही विहिरीत उतरवू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन धडधाकट माणसे हवीतच. आतला माणूस कोसळला तर मागोमाग उडी घेऊ नये, दोराने वर ओढावे.

अमावस्येचा नेम

अमावस्येला औत न धरण्याची आपल्याकडे रीत आहे. तोच दिवस विहिरीसाठी राखा. जाळी उघडा, आरशाने उन्हाचा कवडसा आत पाडा आणि नीट पाहा. पातळी मोजून वहीत लिहा, सुरक्षा स्विच तपासा, ओट्याच्या भेगा बुजवा. औषध किती दिवसांनी टाकायचे, ते जलसुरक्षकाला विचारून त्याच वहीत मांडा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी व नंतर, पाण्याचा नमुना आरोग्य केंद्रामार्फत तपासणीला पाठवा.

गावच्या नळाला ग्रामपंचायत जबाबदार असते. घरच्या विहिरीला जबाबदार घरातलेच माणूस. ते कोण, हे आज रात्री जेवताना ठरवा आणि त्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.