पूर यायच्या आधी पैसे

मानवतावादी मदतीवर पीएचडी करायची म्हणताय? मग किती मदत गेली, हे मोजण्याआधी ती कधी पोचली ते बघा.

नेहमीची रीत आपल्याला माहीत आहे. पूर येतो, पाहणी होते, पंचनामे होतात, मग देणगीदारांना आवाहन. तोवर घरातली शेळी विकून झालेली असते. बांगलादेशात जुलै 2020 मध्ये हा क्रम उलटवला गेला. तिथल्या यमुनेला (म्हणजे ब्रह्मपुत्रेला, दिल्लीची यमुना वेगळी) मोठा पूर येणार असा अंदाज आला की निधी सुटणार, हे संयुक्त राष्ट्रांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. अंदाज आला आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने 23 हजारांहून अधिक कुटुंबांच्या बीकॅश या मोबाइल खात्यात प्रत्येकी 4,500 टका टाकले.

उपयोग झाला का? ॲश्ली पोपल आणि सहकाऱ्यांच्या 2021 च्या अभ्यासानुसार, पैसे मिळालेल्या कुटुंबांवर पुरात दिवसभर उपाशी राहण्याची वेळ येण्याची शक्यता 36 टक्क्यांनी कमी होती.

आता इथे थांबा. कोणापेक्षा कमी? मुद्दाम काहींना उपाशी ठेवून तुलनागट करता येत नाही, आणि करूही नये. संशोधकांनी अशी कुटुंबं घेतली ज्यांना पैसे मिळायला हवे होते, पण मोबाइल खात्याचं काम वेळेत न झाल्याने मिळाले नाहीत. युक्ती चांगली आहे. पण खातं नसलेलं घर मुळातच जास्त गरीब असेल तर? किंवा सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर आणि तो गावाबाहेर असेल तर? मग दिसणारा फरक पैशांचा की आधीच्या परिस्थितीचा? असा कुठलाही अभ्यास वाचताना आधी हा भाग वाचा, निष्कर्ष नंतर. 2025 मध्ये अमेरिकेने यूएसएड बंद केल्यापासून निधी आटलाय, त्यामुळे अशा आकड्यांवर कोणाला मदत मिळणार हे ठरण्याची शक्यता वाढली आहे.

आणि हे मॉडेल उचलून युद्धात नेऊ नका. सुदानमध्ये एल फाशेरजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झालं. त्याचे इशारे कित्येक महिने आधीपासून दिले जात होते. अडलं होतं ते वेढा, लढाई आणि ट्रकच्या परवानग्यांपाशी. तिथे अभ्यास करायचा तर हवामानाच्या अंदाजापेक्षा परवानगी मागितल्याची आणि मिळाल्याची तारीख जास्त कामाची, आणि ती मिळवणंच सगळ्यात अवघड.