बागेला पाणी देण्याच्या चार तऱ्हा

प्रार्थना म्हटली की आपल्याला आधी शब्द आठवतात. आरती असो, दुवा असो वा मिस्सा, माणूस देवाशी काही ना काही बोलत असतो आणि बहुतेक वेळा काही मागतही असतो. फारसे न बोलता देवापुढे नुसते बसण्याची एक जुनी रीत ख्रिस्ती साधकांनी जपली आहे. तिच्याविषयी आज थोडे सांगायचे आहे. मी मुसलमान, पाच वेळच्या नमाजीच्या घरात वाढलेला. धर्मशास्त्राचा माझा अभ्यास नाही. पण कविता लिहिणाऱ्याला शब्द कुठे थांबतात याचे कुतूहल असतेच. त्या कुतूहलापायी मी आविलाच्या संत तेरेसांपर्यंत पोहोचलो.

या कोलकात्याच्या मदर तेरेसा नव्हेत. यांचा जन्म १५१५ सालचा, स्पेनमधला. आजोबा यहुदी धर्मातून ख्रिस्ती झालेले. विसाव्या वर्षी तेरेसा कार्मेल संघाच्या मठात दाखल झाल्या. त्या काळी स्पेनमध्ये मौन प्रार्थनेकडे संशयाने पाहिले जाई. माणूस मनातल्या मनात थेट देवाशी बोलू लागला, तर त्याला धर्मगुरूची आणि विधींची गरज उरेल का, ही भीती त्यामागे होती. बायकांनी तर सूत कातावे, असल्या भानगडीत पडू नये, असे म्हणणारेही होते. १५५९ साली धर्मन्यायालयाने लोकभाषेतल्या प्रार्थनाविषयक अनेक पुस्तकांवर बंदी घातली. लॅटिन न येणाऱ्या तेरेसांना आपली आवडती पुस्तके गेल्याचे फार दुःख झाले. पुढे त्यांनी स्वतःच स्पॅनिशमध्ये लिहायला घेतले. १५६५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्यांच्या आत्मचरित्रात ही चार पाण्यांची उपमा येते.

माणसाचे मन ही एक बाग. तण उपटून रोपे लावण्याचे काम देवाने केलेलेच आहे. आपले काम पाणी देण्याचे, आणि ते चार तऱ्हांनी देता येते.

पहिली तऱ्हा विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदण्याची. यात श्रम फार आणि पाणी थोडे. नवा साधक इथून सुरुवात करतो. एकांतात बसायचे, येशूच्या चरित्रातला एखादा प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा आणि त्याच्या सोबत राहायचे. तेरेसा स्वतः रोज झोपण्यापूर्वी गेथशेमाने बागेतल्या व्याकूळ येशूचे स्मरण करीत.

दुसरी तऱ्हा रहाटाची. कष्ट कमी, पाणी जास्त. इथे 'नोरिया' हा शब्द त्यांनी वापरला आहे. तो मूळ अरबी 'नाऊरा'. रहाटाच्या गाडग्यांसाठी त्यांनी वापरलेला शब्दही अरबीतूनच आलेला. स्पेनच्या शेतीत अरबांनी रुजवलेले हे शब्द एका ख्रिस्ती जोगिणीच्या प्रार्थनेत भेटावेत, याचे मला अप्रूप वाटले. या पायरीवर अंतःकरण शांत होते, पण विचार मात्र भटकत राहतात. तेरेसा सांगतात, त्यांच्या मागे धावू नका. १५७७ सालच्या दुसऱ्या एका पुस्तकात त्यांनी गिरणीचा दाखला दिला आहे. गिरणीची खडखड चालू द्यावी, आपण आपले दळण दळत राहावे.

तिसरी तऱ्हा पाटाच्या पाण्याची. पाणी आपोआप येते, माळ्याने फक्त त्याला वाट करून द्यायची. चौथी तऱ्हा पावसाची. पाऊस पडतो तेव्हा माळ्याला काहीच करावे लागत नाही आणि सारी बाग भिजते. मात्र हा पाऊस कुणालाही पाडता येत नाही. श्वास कसा घ्यावा, कसे बसावे, किती वेळ बसावे, हे सारे पोहऱ्याच्या हद्दीतले. त्यापुढचे देवाच्या हाती. ख्रिस्ती परंपरा त्याला कृपा म्हणते.

मग विहीरच कोरडी लागली तर? तेरेसांना हा अनुभव होता. सुमारे अठरा वर्षे त्यांना पुस्तक हाताशी असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचा धीर होत नसे. कधी कधी तर तासाचा टोला केव्हा पडतो याकडेच कान लागलेले असत. त्यांचे सांगणे इतकेच, की माळ्याने पोहरा सोडत राहावे. बाग ज्याची आहे त्याला माळ्याचे येणे दिसते.

प्रार्थना साधली की नाही, हे ओळखायचे कसे? बसल्या जागी किती आनंद झाला, हे माप त्या वापरत नाहीत. मठातली एखादी बहीण आजारी असेल, तर आपल्या ध्यानाचा रस मोडेल याची पर्वा न करता तिच्याकडे जावे, असे त्यांनी लिहिले आहे. स्वयंपाकघरातल्या भांड्यांमध्येही देव असतो, हेही त्यांनीच आपल्या जोगिणींना सांगितले.

१५६२ साली आविलात त्यांनी स्थापन केलेल्या मठात सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास अशी मौन प्रार्थना असे. संसारी माणसाला एवढा वेळ कुठला मिळणार? तेरेसांकडे त्यावर सोपी वाट आहे. येशूने शिकवलेली प्रार्थना अगदी सावकाश म्हणावी. आपण कुणाशी बोलतो आहोत याचे भान ठेवावे. 'पिता' या एका शब्दापाशी मन थांबले, तर पुढच्या शब्दाची घाई करू नये. फक्त तोंडाने प्रार्थना म्हणणारी एक साधी जोगीण याच वाटेने गाढ शांततेला पोहोचल्याचे त्यांनी पाहिले होते.

१९७० साली पोप सहावे पॉल यांनी तेरेसांना 'चर्चच्या आचार्य' ही पदवी दिली. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. जिने सूत कातत बसावे असे काहींना वाटत होते, तिच्याकडून आज धर्मगुरूही प्रार्थना शिकतात. आपला धर्म कोणताही असो, उद्या पहाटे दहा मिनिटे दार लोटून गप्प बसून पाहायला हरकत नाही. मन भटकेल, त्याला हळूच परत आणावे. पोहऱ्यात थोडेच पाणी आले, तरी एखाद्या रोपाला ते पुरते.