चार खुणांचे मराठी

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. त्यात लिहायला प्रोग्रॅमिंग लागत नाही, चार खुणा पुरतात. उपशीर्षकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबरचिन्हे: == इतिहास ==. ठळक शब्दाला तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे: '''दगडी पूल'''. दुसऱ्या लेखाकडे नेणारा दुवा दुहेरी चौकटी कंसात: [[डॅन्यूब नदी]]. यादीच्या प्रत्येक ओळीआधी तारा: *.

आमच्या पिढीने टंकलेला बराच मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये अडकून पडला आहे. तो फाँट नसेल तर पडद्यावर नुसती निरर्थक अक्षरे उमटतात. युनिकोडमधला साधा मजकूर मात्र कुठल्याही संगणकावर वाचता येतो, आणि त्यातल्या खुणाही नुसत्या डोळ्यांना कळतात.

शरदाच्या सुट्टीत आपल्या रेगेन्सबर्गच्या बाराव्या शतकातल्या दगडी पुलावर पाच ओळी लिहून पाहा. आजोबांनी वाक्य सांगावे, नातीने टंकावे. विकिपीडियाला प्रकाशित संदर्भ लागतो. तो जर्मन पुस्तकात शोधायचे काम नातीचे. तिची मराठी बोलण्यापुरतीच राहिली असेल, तर ती अशीच लिहिती होईल.